नियम वाढले तरी चुका तेवढ्याच. कामगारांना विचारल्याने खरंच फरक पडतो का?

प्रश्न
पॅकिंग विभाग, तीन पाळ्या, ६० माणसं. प्रत्येक चुकीनंतर एक नवा नियम येतो. चेकलिस्ट आता ४२ मुद्द्यांची झाली आहे. रोज सह्यांसकट भरली जाते, तरी चुकीच्या लेबलचे खोके बाहेर जातातच. सूचना पेटी रिकामी. उत्पादन न घटता लोकांना सहभागी कसं करून घ्यायचं?

उत्तर १
आधी भरलेल्या चेकलिस्ट नीट बघा. ४२ खुणा एकाच शाईत, एकाच झपाट्यात ओढलेल्या दिसल्या तर त्या पाळी संपताना केल्या आहेत. तिथे तपासणी झालेलीच नाही, आणि ४३वा मुद्दा घालून ती होणारही नाही.

काम करणारे पाच-सहा जण बसवा आणि प्रत्येक मुद्द्याला विचारा: यामुळे नेमकी कोणती चूक अडते? उत्तर सुचलं नाही तर तो मुद्दा दोन आठवडे एकाच पाळीत बंद ठेवा आणि चुका मोजा. सुरक्षेचे आणि कायद्याने बंधनकारक नियम यातून वगळा.

लेबलची चूक बहुतेक वेळा माल बदलताना होते. जुना रोल टेबलावर असतानाच नवा येतो. नवा रोल आणण्याआधी जुना उचलायचा, मग हिशोब: दिलेली लेबलं = लावलेली + फाटलेली + परत केलेली. एकाचाही फरक आला तर खोके अडवायचे. हा एक नियम दहा सह्यांना भारी आहे.

उत्तर २
फरक पडतो, पण अट आहे. कोच आणि फ्रेंच या दोन संशोधकांनी १९४८मध्ये अमेरिकेतल्या एका पायजमा कारखान्यातला अभ्यास प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला फक्त सांगितलं गेलं, त्यातले १७ टक्के लोक ४० दिवसांत सोडून गेले. ज्या गटांतल्या सगळ्यांना बदल ठरवण्यात घेतलं, त्यांचं उत्पादन सावरून आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेलं. पुढे नॉर्वेतल्या एका चपला-बुटांच्या कारखान्यात तसाच प्रयोग झाला, तेव्हा उत्पादनात फरक दिसला नाही. तिथे कामगारांच्या हाती दिलेले निर्णयच फारसे महत्त्वाचे नव्हते. तेव्हा भिंतीचा रंग विचारू नका, कामाचा क्रम विचारा.

प्रश्नकर्ता
पण सुपरवायझरच सूचना दाबत असेल तर?

उत्तर ३
मग पेटी कुलूपबंद ठेवूनही काही होणार नाही. सूचना सगळ्यांना दिसेल अशा फलकावर लावा: तारीख, कोणाकडे आहे, काय ठरलं. नाकारली तर कारणही तिथेच. चार-पाच दिवसांत उत्तर आलं नाही की दुसरी सूचना येत नाही. तुमची पेटी बहुधा त्यामुळेच रिकामी आहे.

आणि थोडा खरा अधिकार द्या. टोयोटाच्या लाइनवर कामगार अँडनची, म्हणजे अडचण कळवणाऱ्या इशाऱ्याची, दोरी ओढतो (काही ठिकाणी आता बटण दाबतो) तेव्हा लाइन लगेच थांबत नाही. आधी टीम लीडर येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत अडचण सुटली नाही तरच थांबते. म्हणून दोरी ओढायची भीती वाटत नाही. तुमच्याकडे लेबल जुळत नसेल तर खोका अडवायचा हक्क लावणाऱ्याला द्या, आणि अडवल्याबद्दल कुणाला बोल लावू नका.

दर सूचनेला रोख बक्षीस मात्र ठेवू नका, एकाच सूचनेचे चार तुकडे होऊन येतात. सूचनेने वेळ वाचला तर त्यापायी कुणाची नोकरी जाणार नाही हे आधीच लेखी द्या. हे नसेल तर जाणकार माणसं गप्पच राहतील.