सेकंड लाइफची स्क्रिप्ट: बोलण्यातला तुकडा पकडायचा की ठरलेली आज्ञाच ऐकायची?

खटपट्या
सेकंड लाइफ ही २००३ पासून चालू असलेली आभासी दुनिया. तिथल्या वस्तूंना एलएसएल, म्हणजे लिंडेन स्क्रिप्टिंग लँग्वेजमधून अक्कल देता येते. मी तिथे एक वाडा बांधतोय आणि त्याचा दिंडी दरवाजा बोलण्यावर उघडला पाहिजे, हा माझा हट्ट.

आता अडचण अशी की बोलणं ऐकणाऱ्या 'एलएललिसन' या फंक्शनमधला मजकुराचा रकाना तंतोतंत जुळणारंच बोलणं घेतो. तिथे 'ओपन' लिहिलं असेल तर 'ओपन प्लीज' म्हणणारा बाहेरच उभा. म्हणून माझं मत: तो रकाना रिकामा सोडा, येईल ते ऐका, रोमन अक्षरं एलएलटूलोअरने स्मॉल करून घ्या आणि 'एलएलसबस्ट्रिंगइंडेक्स'ने हवा तो तुकडा शोधा. सापडला तर त्याची जागा मिळते, मोजणी शून्यापासून. नाही सापडला तर उणे एक.

'/५ ओपन' असं चॅनेलचा, म्हणजे बोलण्याच्या वेगळ्या वाहिनीचा, आकडा घालून टाइप करा, असं पाहुण्याला सांगणं म्हणजे उंबऱ्यावरच्या माणसाला आधी फॉर्म भरायला लावणं. मला ते पटत नाही.

तिरकस
दरवाजा मराठी ऐकणार ना? मग 'दार' शोधाल. अंगणात कुणी 'दारू' म्हणालं की दरवाजा सताड उघडा. 'जबाबदार', 'सरदार', 'उदार', सगळ्यांना मुक्तद्वार. बरं, 'दार उघड' हा पूर्ण तुकडा ठेवलात तरी 'दार उघडू नकोस' यात तो जसाच्या तसा बसतो, कारण ऊकार 'ड'च्या नंतरचं वेगळं चिन्ह आहे. नको म्हटल्यावर उघडणारा दरवाजा हवाय का तुम्हाला?

आणि तिथे आपली निम्मी मंडळी रोमन लिपीत मराठी लिहितात. रोमन लिपीतला 'काय' शोधणारा बोलका पोपट अंगणात टांगून बघा. 'ओके'चं चार अक्षरी स्पेलिंग ज्या तीन अक्षरांवर संपतं, तीच 'काय'ची. प्रत्येक ओकेला पोपट ओरडणार.

बिगारी
तिरकस, यावर इलाज आहे. अख्खी ओळ चाळूच नका. एलएलपार्सस्ट्रिंगटूलिस्टने स्पेस, स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांवर ओळ फोडा आणि शब्दांची यादी करा. विभाजकं आठच देता येतात, पण पुरतात. मग 'एलएललिस्टफाइंडलिस्ट'. हे फंक्शन एकच शब्द शोधतं असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याला दोन शब्दांची यादी दिली तर ते दोन शब्द त्याच क्रमाने लागोपाठ आहेत का, तेही बघतं. 'दार', 'उघड' दिलं की 'दार उघडू नकोस' गळालं, 'दारू' गळाली.

आणि खटपट्या, सबस्ट्रिंगइंडेक्सचं उत्तर थेट 'इफ'मध्ये, म्हणजे 'जर'च्या अटीत, टाकू नका. एलएसएलला शून्य म्हणजे खोटं, बाकी सगळं खरं. म्हणजे तुकडा सापडलाच नाही तर उणे एक 'खरं' ठरतं आणि दरवाजा उघडतो. तुकडा अगदी सुरुवातीला असेल तर शून्य येतं आणि तो बंद राहतो. नेमकं उलटं. उणे एकशी तुलना करा, नाहीतर आधी टिल्डे (~ हे चिन्ह) लावा. टिल्डे उणे एकचा शून्य करते.

खटपट्या
टिल्डेबद्दल आभार, यादीबद्दल नाही. शब्द फोडून जुळवणं इंग्रजीत खपून जाईल. आपल्याकडे 'मदत' कोण नुसतं म्हणतं? 'मदतीला या', 'मदतीचं बघा'. तुमची यादी यातलं एकही ओळखणार नाही, माझा तुकडा दोन्ही पकडेल.

बिगारी
आणि 'पाणी'? 'पाण्यात' मध्ये तुमचा 'पाणी' कुठाय? 'मूल' शोधाल तर 'मुलाला' सापडणार नाही. सामान्यरूपापुढे तुकडाही हात टेकतो. एलएसएलमध्ये साध्या मजकुरावर रेगेक्स, म्हणजे नमुना देऊन शोधणं, चालत नाही, त्यामुळे रूपं हाताने लिहिणं कुणालाच चुकत नाही. मग निदान पूर्ण शब्दांची तरी लिहा.

ओसरी
तुम्ही व्याकरणात अडकलात. माझा आक्षेप मुळातच आहे. शून्य चॅनेल म्हणजे सगळ्यांचं उघडं बोलणं. साधं बोलणं २० मीटरपर्यंत जातं, ओरडणं १०० मीटरपर्यंत. मजकुराचा रकाना रिकामा सोडला की तुमच्या टप्प्यातली शेजाऱ्यांची भांडणं, प्रेमप्रकरणं, सगळं तुमच्या स्क्रिप्टमधून जाणार. आज ती फक्त 'दार' शोधतेय. उद्या तीच स्क्रिप्ट मजकूर साठवून कुणाला पाठवू लागली तर पाहुण्याला पत्ता लागणार आहे का? इतरांचं संभाषण संमतीशिवाय पसरवू नये, हा तिथला जुना नियम उगाच नाही.

शिवाय भार. रकान्यांतली गाळणी सर्व्हर स्वतः लावतो. गाळणी असेल तर तुमची स्क्रिप्ट उठतसुद्धा नाही. नसेल तर प्रत्येक ओळीला उठते, ओळ स्मॉल करते, फोडते, चाळते. गर्दीच्या ठिकाणी अशा दहा वस्तू ठेवा, मग बघा. स्क्रिप्टची इव्हेंटची, म्हणजे हाताळायच्या घटनांची, रांग ६४ वर भरते, पुढचं बोलणं वाया जातं. म्हणजे भर कार्यक्रमात तुमचा दरवाजा बहिरा.

खटपट्या
दहा वस्तू कोण ठेवतंय? एक दरवाजा आहे. अंतर तपासून पाच मीटरच्या पलीकडचं सोडून देतो.

ओसरी
सोडून देण्यासाठी आधी ऐकावंच लागतं ना?

निलगिरी
एक व्यवहाराची गोष्ट. तुकड्यावर बोलणाऱ्या दोन वस्तू शेजारी ठेवल्या तर काय होतं? एकीने 'नमस्कार, या' म्हटलं, दुसरीला त्यात 'नमस्कार' सापडला, तिने उत्तर दिलं, पहिलीला त्यात सापडला. वस्तूला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, शेजारणीचा येतो. दोघी रात्रभर. त्यामुळे बोलणारा माणूस आहे ना, हे आधी तपासा. एलएलगेटओनरकीला बोलणाऱ्याची 'की', म्हणजे ओळखक्रमांक, द्या; वस्तूची दिली तर ते तिच्या मालकाची की देतं. परत तीच की आली तर माणूस, वेगळी आली तर वस्तू.

माझ्यापुरतं म्हणाल तर स्वागत, दिवे, झोपाळा हे तुकड्यावर चालू दे, चुकलं तर हसण्यावारी जातं. दरवाजा, पैसे, कुणाला हाकलणं हे पडद्यावर बटणं दाखवणाऱ्या एलएलडायलॉगच्या बटणावर. चॅनेल ऋण आकड्याचं घ्या, म्हणजे कुणाच्या गप्पांचा त्यात शिरकाव होत नाही.

खटपट्या
बटणाने उघडणारा दरवाजा सगळ्यांकडेच आहे. माझा बोलण्यावरच उघडणार. 'नको', 'नका', 'नकोस' आधी शोधतो, सापडले तर बंदच ठेवतो. झालं समाधान?

तिरकस
'उशीर नको, दार उघड' म्हणणाऱ्याला बाहेरच ठेवणार म्हणा की.