रामबाग परिवार ग्रुप: सईच्या गोळीची वेळ

सुनंदा आत्या: मेघना, आई सांगत होत्या सईला थायरॉईड निघाला. नऊ वर्षांच्या पोरीला? हे तर आमच्या वयाचं दुखणं ना गं?

मेघना: हो आत्या. एकेकाला फोन करण्यापेक्षा इथेच लिहिते. टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक) खूप वाढलाय, टी-4 (ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक) कमी, अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटलीय. याला हाशिमोटो म्हणतात, मुलांनाही होतो, मुलींना जास्त. कुणी काही खाऊ घातलं म्हणून झालेलं नाही, एवढं आईंना तुम्ही सांगा. माझं ऐकत नाहीत, जिलबीलाच दोष देत बसल्यात.

अभय काका: पण ती जाड कुठेय?

मेघना: वजनावरून नाही काका, उंचीवरून कळलं. या वयात मुलं वर्षाला साधारण 5-6 सेंमी वाढतात. हिच्या युनिफॉर्मची शिवण या जूनमध्ये सोडावीच लागली नाही. बालरोगतज्ज्ञांनी जुन्या नोंदी तक्त्यावर मांडल्या तर रेघ जवळजवळ आडवी. मग विचारलं: पोट साफ होत नाही का, थंडी जास्त वाजते का, त्वचा कोरडी पडते का? सगळंच होतं. पण सुटं सुटं बघितलं तर कुठल्या पोराला नसतं!

राजू दादा: भिया लोग, छावणीत एक वैद्य आहेत. कांचनार गुग्गुळ देतात, एक नंबर. आयुष्यभर गोळ्या खायच्या का पोरीने?

मेघना: दादा, ग्रंथी जे संप्रेरक पुरेसं बनवत नाही, तेच गोळीतून द्यायचंय. लिव्होथायरॉक्सिन. दुसरं काही त्याची जागा घेत नाही. मोठी झाल्यावर डॉक्टर पुन्हा तपासतील, स्वतःहून बंद करायची नाही. आणि "आयुष्यभर" हा शब्द तिच्यासमोर नको, प्लीज. "बिचारी" पण नको. परवा मला विचारत होती, मी मोठी होणार नाही का? गोळी सुरू झाली की उंची पुन्हा वाढायला लागते, असं डॉक्टरांनी तिलाच सांगितलं, तेव्हा कुठे जेवली.

सुनंदा आत्या: अरे देवा. बरं, आम्ही काय करायचं ते सांग.

मेघना: सकाळ सांभाळायची. गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, मग किमान अर्धा तास काही नाही. दूधही नाही. आई पहाटे प्रेमाने दुधाचा पेला घेऊन उभ्या असतात, तिथेच अडतं. कॅल्शियम आणि लोहाची टॉनिकं गोळीपासून चार तास लांब. सोयाही गोळी नीट शोषू देत नाही. माळव्यात राहून सोया बडी सोडा असं कोण म्हणेल, फक्त नाश्त्याला नको. एखाद्या सकाळी राहिलीच तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा द्यायची, दुसऱ्या दिवशी दोन नाहीत.

प्रिया (फार्मसीवाली): बाटली किचनच्या ओट्यावर ठेवू नकोस, ऊन आणि ओल चालत नाही. दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. आणि केसांच्या बायोटिन गोळ्या देत असशील तर रक्त देण्याआधी सांग, रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

मेघना: बायोटिन नाही देत. पुढचा टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनी, त्यावरून डोस ठरेल. तोवर रोज कुणी "फरक पडला का" विचारू नका.

अभय काका: आणि फूलकोबी, पत्ताकोबी बंद ना?

मेघना: नाही. शिजवून, नेहमीएवढी चालते.

सुनंदा आत्या: आईंनी तर घरातलं सगळं मीठ काढून सैंधव आणलंय, शुद्ध म्हणून.

प्रिया (फार्मसीवाली): ते उपासापुरतं ठेवा. रोजचं आयोडीनयुक्तच हवं. 2006 मध्ये सरकारने खाण्यासाठी बिगर-आयोडीन मिठाच्या विक्रीवर बंदी घातली ती उगाच नाही. पण सईचा आजार आयोडीन कमी पडल्याने नाही, त्यामुळे जास्तीचं आयोडीन किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या देऊन बरा होणार नाही, उलट त्रास वाढू शकतो.

राजू दादा: मग रविवारचे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जलेबी कॅन्सल?

मेघना: कॅन्सल कशाला? ती उठली की गोळी, तुम्ही सातऐवजी आठला या. पोह्यांवर जीरावन मसाला जास्त घालून घेते ती, तेवढं लक्षात ठेवा.

राजू दादा: आठ वाजता गरम जलेबी संपली तर जबाबदारी तुझी.

सुनंदा आत्या: राजू, तू आधी उठ. मी आईंना दुधाचं सांगते.