प्रिंटरचा बोर्ड 'उडाला' म्हणण्याआधी मीटर लावता का?

कोपरीकर (धागाकर्ता)
थ्रीडी प्रिंटर बंद पडला की बहुतेकांचं निदान तयारच असतं: "मदरबोर्ड उडाला, नवा मागवतो." माझ्या मते हे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

परवा वर्तकनगरच्या एका मित्राचा एंडर-३ प्रिंटर असाच 'गेला' होता. यूएसबी लावली की स्क्रीन उजळायची, पण नोझल थंड आणि मोटर ढिम्म. म्हणजे प्रोसेसरला लॅपटॉपचे ५ व्होल्ट मिळतायत, हीटर-मोटरला लागणारे २४ व्होल्ट बोर्डापर्यंत येतच नाहीत. एसएमपीएसच्या (म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायच्या) आउटपुटला मल्टीमीटर लावला, २४ आले. बोर्डाच्या स्क्रू टर्मिनलवर काहीच नाही. वायरच्या टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबलेलं होतं. असं सोल्डर दाबाखाली हळूहळू चेपत जातं, स्क्रू सैल होतो, कॉन्टॅक्ट तापतो आणि काळा पडतो. टोक कापलं, फेरुल (तारेच्या टोकावरची धातूची टोपी) दाबून बसवला, मशीन चालू. बोर्ड ठणठणीत होता.

तुर्भे_जॉबवर्क
असहमत. घरच्या मशीनला हे ठीक आहे. माझा गाळा एमआयडीसीत, पार्टीला संध्याकाळी माल हवा असतो. दोन-तीन हजारांच्या बोर्डासाठी मी मीटर घेऊन बसू का? स्पेअर बोर्ड खणात असतो, तो टाकतो, जुना रविवारी बघतो.

कोपरीकर
शेठ, हीटरची वायर घासून शॉर्ट झाली असेल तर जुन्या बोर्डाचा मॉस्फेट (हीटर चालू-बंद करणारा भाग) गेला तसा नव्याचाही जाईल. मग रविवारी दोन बोर्ड बघाल.

तुर्भे_जॉबवर्क
शॉर्ट बघतोच हो, तेवढा धंदा कळतो. प्रश्न आधी काय करायचं हा आहे.

ऐरोलीकर
तुम्ही दोघं पॉवरवर भांडताय, माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी 'पीसीला प्रिंटर दिसतच नाही' अशा असतात. त्यात बोर्डाचा दोष क्वचित. मोबाइलसोबत आलेली, फक्त चार्जिंगची केबल असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. नाहीतर सीएच३४० चा (बोर्डावरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर नसतो, नाहीतर दुसरं सॉफ्टवेअर पोर्ट अडवून बसलेलं असतं. पोर्ट दिसतंय पण उत्तर येत नाही, तर बॉड रेट (डेटाचा वेग) ११५२०० आहे का बघा. आणि माझं ठाम मत: यूएसबीवरून प्रिंट करूच नये. लॅपटॉप झोपला की प्रिंट मेलं. मेमरी कार्ड वापरा.

कळवा_लॅब
कार्डाचा हा सल्ला कॉलेजच्या लॅबमध्ये चालत नाही. दिवसभर कार्ड आत-बाहेर करून स्लॉटच ढिला होतो. आम्ही रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ऑक्टोप्रिंट (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवतो. फक्त पायला मोबाइलचा चार्जर लावू नका, पाय-४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लागतो. शिवाय प्रिंटर बंद केला तरी पायमधून ५ व्होल्ट उलटे बोर्डात शिरतात आणि स्क्रीन तशीच पेटलेली राहते. आम्ही यूएसबीच्या ५ व्होल्टच्या पिनवर बारीक टेप लावतो.

ऐरोलीकर
टेप म्हणजे जुगाड! चार वेळा केबल काढली की टेप पोर्टात. एसकेआर १.४ सारख्या बोर्डावर यासाठी जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) दिलेला असतो, तो लावा ना.

कळवा_लॅब
सगळ्या बोर्डांवर कुठे असतो तो? जिथे नाही तिथे टेपच.

नौपाडा_जुनी_इमारत
अर्थिंगबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट (नॉइज) गाळणारे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ मिळाला नाही तर फ्रेमवर व्होल्टेज तरंगत राहतं. हात लावला की मुंग्या येतात, आणि शेजारच्या लाइनवर फ्रिज सुरू झाला की यूएसबी तुटते. आमच्याकडे सॉकेटला तिसरं भोक होतं, त्यामागे वायरच नव्हती. फेज-अर्थमध्ये २३० च्या आसपास येतात का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. स्वतः मीटरची टोकं खुपसू नका. आणि एसएमपीएसच्या कडेला ११५/२३० चा लाल स्विच असेल तर तो २३० वरच हवा. चुकून ११५ वर राहिला तर आवाज करूनच जातो.

तुर्भे_जॉबवर्क
हे पटलं. कोपऱ्यातलं एक मशीन पावसाळ्यात हमखास मध्येच यूएसबी सोडतं, त्याचा सॉकेट उद्या उघडायला लावतो. पण बोर्ड स्पेअर ठेवणारच.

कोपरीकर
ठेवा की. शेजारी एक एसएमपीएसही ठेवा, आणि बोर्ड टाकण्याआधी तो लावून बघा.

तुर्भे_जॉबवर्क
म्हणजे मीटर नकोच ना शेवटी!