डोळ्याचा लिम्फोमा : अहवालातील ‘१४;१८’ कसे वाचावे?

प्रश्न (तासगाव)
माझ्या आईचे वय ६३ आहे. खालची पापणी ओढली की आत गुलाबी, मांसल पट्टा दिसत असे; द्राक्षबागेतील फवारणीने डोळा चुरचुरत असावा असे समजून आम्ही चार महिने नुसते थेंब घालत राहिलो. शेवटी सांगलीत बायोप्सी झाली. निदान माल्ट लिम्फोमा (प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या बी-पेशींचा एक कर्करोग) असे आहे, पण फिश तपासणीत (चमकत्या रंगांनी जनुके दाखवणारी तपासणी) १४ व १८ या गुणसूत्रांमध्ये स्थानांतर, म्हणजे तुकड्यांची अदलाबदल, आढळल्याचेही लिहिले आहे. १४;१८ हे तर फॉलिक्युलर या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोमाचे लक्षण, असे माझ्या वाचनात आले. मग निदान चुकले का? हा दोष आम्हा भावंडांतही असेल का?

उत्तर (मिरज, विकृतिशास्त्र)
गोंधळ स्वाभाविक आहे. १८व्या गुणसूत्राच्या क्यू२१ या एकाच पट्ट्यावर माल्ट१ आणि बीसीएल२ ही दोन जनुके आहेत. त्यांच्यात सुमारे ५० लाख डीएनए-अक्षरांचे अंतर असले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली पट्टे पाहणाऱ्याला ती एकाच जागी असल्यासारखी भासतात. १४व्या गुणसूत्रावरील प्रतिद्रव्याच्या जनुकाशेजारी बीसीएल२ जाऊन बसले तर फॉलिक्युलरकडे बोट जाते, माल्ट१ बसले तर माल्टकडे; कागदावर दोन्ही ‘१४;१८’च. म्हणून प्रोब (जनुकाला चिकटणारी रंगीत खूण) कोणत्या जनुकाचा होता, ती ओळ शोधा. जनुक तुटले असेल तर एरवी चिकटून दिसणारे लाल-हिरवे ठिपके एकमेकांपासून दूर गेलेले दिसतात.

हा बदल आईंच्या बी-पेशींत पुढे केव्हातरी घडलेला आहे. तो मुलांत उतरत नाही.

उत्तर (सातारा)
माझ्या वडिलांना हाच आजार होता, पण स्थानांतर नव्हते. ३ आणि १८ या गुणसूत्रांच्या दोनऐवजी तीन-तीन प्रती होत्या. जठराच्या माल्टमध्ये ११;१८ असल्यास प्रतिजैविकांचा गुण सहसा येत नाही, असे ऐकले होते. ते येथेही तपासावे का?

उत्तर (मिरज)
डोळ्याभोवती ११;१८ क्वचितच सापडते. जादा प्रती मात्र येथे बऱ्याच वेळा दिसतात.

प्रश्नकर्ती (तासगाव)
ओळ सापडली : ‘माल्ट१ विभक्त, बीसीएल२ अखंड’.

उत्तर (मिरज)
मग निदान जुळते. उपचार मात्र या ओळीवर नव्हे, तर आजार डोळ्यापुरताच आहे की अन्यत्रही, यावर ठरतील. डोळ्यापुरता असल्यास बहुधा किरणोपचार सुचवतात. कर्करोगतज्ज्ञांकडे जाताना कागदांबरोबर बायोप्सीचा मेणाचा ब्लॉकही प्रयोगशाळेतून मागून न्या, आणि उन्हात तापलेल्या गाडीत तो ठेवू नका.