कायदा बदलला की बाईच्या हातात खरंच पैसा येतो का?

सांजवात:
परवा वाचनगटात या विषयावर जाम वाद झाला आणि मी हरले, म्हणून इथे विचारतेय. माझं म्हणणं होतं की बायकांशी भेदभाव करणारे कायदे काढून टाकले की निम्मं काम झालं. तर एक काका म्हणाले, अहो कायदे केव्हाच समान झालेत, आता उरलंय ते घरातलं नि डोक्यातलं, त्याला कायदा काय करणार. मला तिथल्या तिथे काही सुचलंच नाही. खरंच झालेत का समान? आणि कायदा बदलला म्हणून बायकांना जमीन, पगार, कर्ज असं काही ठोस मिळालं याची उदाहरणं आहेत का? शोधलं तर नुसती भाषणंच सापडतात.

उलटतपासणी:
काकांचं "केव्हाच" बघू आधी. फ्रान्समध्ये नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करायला आणि स्वतःच्या नावावर बँकेत खातं उघडायला बायकोला मुभा मिळाली १९६५ ला. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायद्यातच होतं की संसार सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी. आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची, ते १९७३ ला बंद झालं. कर्ज देताना बाई आहे किंवा लग्न झालंय म्हणून नाकारायचं नाही हा अमेरिकेतला कायदा १९७४ चा. आणि काँगोत (दोन काँगोंपैकी किन्शासा राजधानी असलेला) बायकोच्या कायदेशीर व्यवहारांना लागणारी नवऱ्याच्या संमतीची अट गेली ती थेट २०१६ ला. हे सगळं सोसलेल्या बायका आज हयात आहेत हो, इतिहास कसला. वर्ल्ड बँक १९० देशांचे कायदे तपासते, २०२४ च्या अहवालाप्रमाणे पुरुषांना कायद्याने जे हक्क आहेत त्यातले ६४ टक्केच बायकांना आहेत.

निवांत_पाटी:
मी थोडा काकांच्या बाजूने. त्याच अहवालात आहे की समान मूल्याच्या कामाला समान वेतन हा कायदा ९८ देशांत आहे पण पगारातली तफावत उघड करायला लावणाऱ्या तरतुदी फक्त ३५ ठिकाणी. आता शेजारच्या टेबलावरच्याला किती मिळतात हेच माहीत नसेल तर ती बाई दावा लावणार कशाच्या जोरावर? कायदा आहे, पण शोभेचा.

गोधडी:
पाटी, शोभेचा होतो कारण कायद्याखाली प्रत्यक्षात भरायचा फॉर्म कोणी बघत नाही. मला या सगळ्यात सगळ्यात आवडतं ते इथिओपियाचं उदाहरण, जरा लांबण लागेल पण वाचा. तिथे जमीन सरकारचीच, शेतकऱ्याला मिळतो तो कसायचा हक्क. १९९८ च्या सुमारास तिग्राय भागात त्याचे दाखले वाटायला सुरुवात झाली पण दाखला कुटुंबप्रमुखाच्या नावाने, म्हणजे बहुतेक घरांत आपोआप नवऱ्याच्याच. नंतर अम्हारा भागात केलं तेव्हा दाखल्यावर नवरा-बायको दोघांची नावं, शिवाय दोघांचे फोटो. बस एवढंच. पण फोटो असला की लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळतं की हा कागद माझा पण आहे, आणि उद्या घटस्फोट झाला किंवा नवरा गेला तर सासरच्यांसमोर धरायला काहीतरी असतं. याउलट रवांडात १९९९ ला मुलींना वारशात समान वाटा दिला, नवरा-बायकोच्या मालमत्तेचीही सोय केली, पण लग्न सरकारदरबारी नोंदवलेलं असेल तरच, त्यामुळे नोंदणी न करता संसार करणाऱ्या कितीतरी बायका बाहेरच राहिल्या. एका अटीने केवढा फरक बघा.
आणि डोक्यातल्याचं म्हणाल तर हक्कसोड घ्या. वाटा मिळतो कागदावर आणि बापाच्या दिवसांतच भाऊ सही घेऊन मोकळे. यावर जॉर्डनने नियम केला की माणूस गेल्यावर ३ महिने हक्कसोड नोंदवताच येणार नाही. सगळ्या बहिणी वाचतात असं नाही, पण रडत असताना पेन तरी हातात देत नाहीत.

उलटतपासणी:
अजून एक, ज्यात बाई हा शब्दच नसतो असे पण कायदे असतात. टॅक्स. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरलं की ज्याचा पगार कमी (बहुधा तिचा) त्याच्या पहिल्या रुपयालाच वरचा दर लागतो आणि मग घरात हिशोब निघतो की तू नोकरी करून उरतं काय. स्वीडनने १९७१ ला प्रत्येकाचा टॅक्स वेगळा केला, त्यानंतर विवाहित बायका मोठ्या संख्येने नोकरीत आल्या. हे एकमेव कारण नव्हतं, पाळणाघरं पण वाढली त्याच काळात.

सांजवात:
बाप रे, टॅक्सचं डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या वेळी जॉर्डनपासून सुरुवात करते. पाटी, ते पगार उघड करायचं जिथे केलं तिथे फरक पडला का पण?

निवांत_पाटी:
डेन्मार्कमध्ये पडला. २००६ चा कायदा, ३५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुष पगाराची आकडेवारी द्यायला लावली. तफावत कमी झाली, पण मुख्यतः पुरुषांची पगारवाढ मंदावल्यामुळे. हे तेवढं काकांना सांगू नका.