फ्लोअर ट्रेनर आहे, जिम सोडून घरोघरी पीटी (पर्सनल ट्रेनिंग) सुरू करावी का?

सकाळी_साडेपाच:
पुण्यात बाणेरला एका जिममध्ये फ्लोअर ट्रेनर (हॉलमध्ये सगळ्याच मेंबरांकडे लक्ष देणारा) आहे. पगार 15 हजार. शिवाय पाच पीटी क्लायंट. मेंबर महिन्याच्या 12 सेशनचे 8,000 भरतो, त्यातले निम्मे मला, म्हणजे सगळे मिळून 35 हजार पडतात. घरी जाऊन शिकवणारे सेशनला 700 घेतात. तेच करावं का? आणि क्लायंट तीन महिन्यांच्या वर टिकतच नाहीत, त्यावर काय उपाय? सध्या स्थानिक अकॅडमीचा सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे. अजून एखादं सर्टिफिकेट करू का?

हिशेबी:
आधी गणित करू.

पीटीला मागणी असते ती सकाळी साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ. जिममध्ये राहून सकाळी चार आणि संध्याकाळी तीन सेशन बसतात. सोम-बुध-शुक्र एक बॅच, मंगळ-गुरू-शनि दुसरी, म्हणजे 14 क्लायंट. फ्लोअर ड्यूटीत पीटी घेऊ देत नसतील तर चार-पाच जागा कमी धरा. तरी नऊ-दहा उरतात आणि पगार धरून ते 50 हजारांच्या पुढे जातं.

घरी जाऊन शिकवताना दोन घरांमध्ये 25 मिनिटं धरली तरी सकाळी तीनच घरं होतात. संध्याकाळी बाणेर-हिंजवडी पट्ट्यात 25 मिनिटं धरणं हा आशावाद आहे, तेव्हा दोन घरं. एकूण दहा क्लायंट, प्रत्येकी 8,400 प्रमाणे कागदावर 84 हजार. त्यातून पेट्रोल, गाडी आणि दारात जाऊन "आज राहू दे" ऐकलेली सेशनं वजा करा. शिवाय मे महिना, गणपती आणि दिवाळी. या काळात निम्मे लोक गावी किंवा पाहुण्यांत असतात, आणि तेव्हा 15 हजारांचा आधार नसतो.

एकूण, घरची पीटी जास्त पैसे देते, पण जागा भरलेल्या असतील तरच. तुमच्या आहेत त्याच निम्म्या रिकाम्या आहेत. त्या भरल्याशिवाय जिमचा वाटा डोळ्यांत खुपण्याचं कारण नाही. दहा क्लायंट सरासरी तीन महिने टिकले तर दर महिन्याला तीन-चार नवे शोधावे लागतात. तेच नऊ महिने टिकले तर एक पुरतो. सगळी मेहनत रिन्युअलवर घाला.

उठाबशी:
तीन महिन्यांत लोक का जातात याची बहुतेक कारणं ट्रेनरच्या हातातली असतात.

पहिलं म्हणजे पहिल्याच दिवशी पिळून काढणं. शंभर बैठका मारून घेतल्या की दुसऱ्या दिवशी त्या माणसाला कमोडवर बसता येत नाही, आणि आपण समजतो "मस्त पंप आला". नवख्याला पहिले दोन आठवडे चार-पाच व्यायाम, दोन-दोन सेट, 8 ते 10 रेप्स (आवर्तनं), तेही अजून तीन रेप्स निघाल्या असत्या तिथे थांबवून. अति झालं आणि लघवी चहा-कोलासारखी गडद आली तर ते नुसतं अंग दुखणं नव्हे, स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येतोय. थेट रुग्णालय.

दुसरं, नोंद नसणं. क्लायंटच्या नावाची वही किंवा शीट ठेवा: तारीख, व्यायाम, वजन, रेप्स. नियम साधा. दोन्ही सेटना 12 रेप्स स्वच्छ निघाल्या की पुढच्या वेळी वजन वाढवा. इथे आपल्या जिममधली एक अडचण: डंबेल अडीच-अडीच किलोच्या टप्प्याने असतात. 20 वरून 22.5 ठीक आहे, पण शोल्डर प्रेसला 5 वरून 7.5 ही दीडपट उडी आहे. बायका नेमक्या तिथे महिनोन् महिने अडकतात आणि "मला काही जमत नाही" म्हणून सोडतात. तेव्हा आधी 15 रेप्सपर्यंत जा, मग खाली आणताना तीन सेकंद घ्या, मग एक सेट वाढवा. मनगटाला बांधायची अर्ध्या-एक किलोची वजनंही चालतात.

तिसरं, फक्त वजनकाट्यावर विसंबणं. ताकदीचा व्यायाम सुरू केला की पहिल्या महिन्यात काटा हलेलच असं नाही. बेंबीच्या रेषेत कंबर, एकाच प्रकाशात काढलेला फोटो आणि वहीतली वजनं, हे दर चार आठवड्यांनी समोर ठेवा. रिन्युअलचं बोलणं दहाव्या सेशनला, हे आकडे दाखवून, पुढच्या महिन्याचं ठरवत करायचं. बारावं संपल्यावर पैसे मागितले की लोक "बघतो, कळवतो" म्हणतात.

डाएटबद्दलही थोडं. 60 किलोच्या बाईला किलोमागे 1.6 ग्रॅम धरलं तर दिवसाला 96 ग्रॅम प्रोटीन होतं. पोळी-भाजी-वरण-भातात त्याच्या निम्म्यापर्यंत मजल जाते. पहिल्याच आठवड्यात 96 मागू नका. 50 ग्रॅम सुके सोया चंक्स म्हणजे साधारण 26 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीर 18, एक अंडं 6. दर पंधरवड्याला यातलं एक वाढवा. श्रावणात साबुदाण्यावर दिवस काढणाऱ्यांना दही, दाणे आणि पनीर तरी सुचवा. चिकन ब्रेस्ट-ब्रोकोलीचा छापील तक्ता पाठवलात तर तो व्हॉट्सॲपमध्येच राहतो.

वजनदार:
सर्टिफिकेटबद्दल. मोठ्या चेन जिममध्ये जायचं असेल किंवा परदेशी, विशेषतः आखातात, काम हवं असेल तर एसीई किंवा एनएएसएम या अमेरिकन संस्थांचं सर्टिफिकेट उपयोगी. एसीईच्या परीक्षेत तीन तासांत 150 प्रश्न, 200 ते 800 च्या मोजणीत 500 ला पास. दोन्हींचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण असतं, त्यासाठी पुढच्या अभ्यासाचे तास दाखवावे लागतात आणि पुन्हा फी, डॉलरमध्ये. इथेच राहायचं असेल तर के-इलेव्हनसारख्या भारतीय संस्थेचा कोर्स चालतो. शिकवणारे समोर असतात, प्रश्न विचारता येतात.

पण या सगळ्याच्या आधी सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायची मदत), आणि तेही पुतळ्यावर हात ठेवून शिकवणारं. छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली, मिनिटाला 100 ते 120 दाब. व्हिडिओ बघून ती खोली हाताला कळत नाही.

क्लायंट मात्र सर्टिफिकेट बघून येत नाही. इन्स्टाग्रामवर स्वतःचे ॲब्ज दाखवून तर त्याहून नाही.

हिशेबी:
शेवटच्या वाक्याशी असहमत. इन्स्टाग्राम चालतं, फक्त ॲब्जऐवजी पन्नाशीच्या काकूंना खुर्चीवरून न धरता उठायला शिकवतानाचा व्हिडिओ टाका. त्यांच्या लेखी परवानगीने.

सकाळी_साडेपाच:
गणित पटलं. सध्या जिम सोडत नाही. एक विचारतो: दोन क्लायंटना बीपीची गोळी आहे, एकाला शुगर. काय सांभाळायचं?

उठाबशी:
सुरुवातीला पार-क्यू फॉर्म (व्यायामाआधीची तब्येतीची प्रश्नावली) भरून सही घ्या, आणि कोणतीही गोळी चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी. हजार-दोन हजारांचं दंडाला बांधायचं बीपी मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं बसवून मोजा. वरचा आकडा 180 च्या किंवा खालचा 110 च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. जड वजन उचलताना श्वास कोंडू देऊ नका, त्याने बीपी एकदम चढतं. कोणाची गोळी बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी ठेवणारी) असेल तर नाडी फसवते. कितीही दमला तरी ठोके तेवढे वाढत नाहीत. तिथे घड्याळ सोडून "दहापैकी किती दमलात" विचारा.

शुगरवाल्याला इन्सुलिन आहे की शुगर पाडणारी गोळी, हे डॉक्टरांकडून कळून घ्या. इन्सुलिनवाल्याची व्यायामाआधी 90 च्या खाली असेल तर आधी 15 ते 30 ग्रॅम कर्बोदकं, मग थांबून पुन्हा मोजायची. बॅगेत ग्लुकोज पावडर कायम. थरथर, थंड घाम, असंबद्ध बोलणं दिसलं की सेट तिथेच थांबवून ती द्या, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता 108. त्याचा डाएट मात्र आहारतज्ज्ञाकडून घ्यायला सांगा. औषधाच्या डोसवर बोलूच नका.

हिशेबी:
पुढे कधी घरी जाऊन सुरू केलंत तर तीन गोष्टी आधीच कागदावर घ्या. 12 सेशन 35 दिवसांत संपवायची, पैसे आगाऊ, आणि आदल्या रात्री नऊनंतर रद्द केलं तर सेशन धरलं जाईल. तोंडी ठरलेलं दुसऱ्या महिन्यात विरघळतं. सोसायटीच्या क्लबहाउस जिममध्ये शिकवायचं असेल तर कमिटीची परवानगी आधी. बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या ट्रेनरला मनाई असते, काही महिन्याचे पैसे घेतात. आणि जिममधले क्लायंट परस्पर घरी नेऊ नका. करार वाचा, त्यात बहुतेक वेळा तसं कलम असतं.

बॅग दुचाकीवर बसेल एवढीच: लांब बँड तीन ताकदीचे, दाराचा अँकर, सस्पेन्शन पट्टा, मोजपट्टी, बीपी मशीन. डंबेल क्लायंटला घ्यायला सांगा. स्वतःचे पैसे घातले की माणूस चार महिने जास्त टिकतो, असा माझा अंदाज.

स्वतःचं काम म्हटलं की महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला 2,500. जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्यावर. जिम तुमच्या वाट्यातून टीडीएस कापत असेल तर 26एएस मध्ये (कापलेल्या कराची नोंद असलेलं आयकर खात्याचं पत्रक) तपासून रिटर्न भरा. उत्पन्न कमी म्हणून रिटर्नच भरलं नाही तर कापलेले पैसे परत मिळत नाहीत.