आत्याचं श्रावणबाळचं अनुदान पाच महिने बंद आहे. कुठे दाद मागावी?

माळरान: माझी आत्या ७४ वर्षांची, गावी एकटी. मूलबाळ नाही, जमीन नाही. निराधार म्हाताऱ्यांसाठीच्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये यायचे, ते पाच महिन्यांपासून थांबलेत. तहसीलमध्ये सांगतात, "आमच्याकडून पैसे सुटलेत, बँकेत बघा." बँकेत सांगतात, "इथे काही आलेलं नाही, तहसीलला विचारा." मागच्या खेपेला तिने प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढून काउंटरवर ठेवलं, तर कुणी हातसुद्धा लावला नाही. मी पुण्यात नोकरीला. एक दिवसाची रजा मिळतेय, त्यात काय काय करून घेऊ?

सुमन_ताई: हयातीचा दाखला दिलाय का? पुष्कळांचं तिथेच अडतं.

माळरान: हो ताई, दिलाय. पोचही आहे.

बांधावरून: दादा, आमच्या तालुक्यात अशा बऱ्याच म्हाताऱ्या माणसांबरोबर मी हेलपाटे घातलेत. तहसील आणि बँक दोघंही खरं बोलत असतील. पूर्वी तहसीलमधून खातेक्रमांकांची यादी बँकेत जायची. २०२४ च्या अखेरीपासून पैसे डीबीटीने, सरकारकडून थेट खात्यात येतात, म्हणजे खातेक्रमांकावर नाही, आधारवर. आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं गेलं, तिथे पैसे पडतात.

म्हणून आधी आत्यांना शांतपणे विचारा, मधल्या काळात कुणी अंगठा घेतला होता का? बचत गटासाठी, पोस्टात, गावात लागलेल्या कॅम्पमध्ये? त्यांना आठवायला वेळ द्या. खातं उघडलंय हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर आधारच्या साइटवर ओटीपी टाकून कोणती बँक जोडलीय ते घरबसल्या दिसतं.

मग तहसीलला संजय गांधी शाखेत जा, या अनुदानाचं काम तिथेच चालतं. "पैसे का आले नाहीत" असं विचारलंत तर तेच उत्तर मिळेल. "पोर्टलवर हिच्या नावासमोर काय दिसतं, कोणत्या बँकेत, कोणत्या तारखेला" असं विचारा. अर्ज लेखीच द्या, दोन प्रती, आपल्या प्रतीवर शिक्का. शिक्क्याशिवाय तिथून उठू नका.

सुमन_ताई: आणि एजंटला एक रुपयाही देऊ नका. दाद लागली नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात हप्त्यांचा तपशील मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला या योजनेचा मनापासून राग येतो. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ऐंशीच्या आतल्या माणसामागे दिल्लीहून २०० रुपये येतात, २००७ पासून तेवढेच. एवढ्याशा पैशासाठी एवढी पायपीट करायला लावतात.

माळरान: जाऊन आलो. पोर्टलवर चार हप्ते जमा दिसले, भलत्याच बँकेत. मग आत्याला आठवलं, दिवाळीआधी शाळेत कुणी बसले होते, कार्ड देतो म्हणून अंगठा घेतला होता. गावातल्या अंगठ्यावर पैसे देणाऱ्या केंद्रावर पैसे काढायला गेलो तर तिचा अंगठा लागेना. आयुष्यभर खुरपणी केलेले हात, रेषाच उरल्या नाहीत. बोटं धुऊन, पदराला पुसून, शेवटी उजव्या हाताचं मधलं बोट लागलं. ६००० रुपये मिळाले. तिने तिथेच दोनदा मोजले. पाचव्या हप्त्यासमोर 'फेल' आहे, त्याचा अर्ज दिलाय, पोच घेतली.

या नव्या खात्याला पासबुक नाही. आत्या विचारते, पैसे आले हे मला कळणार कसं?

बांधावरून: तिच्या जुन्या बँकेत आधार सीडिंगचा, म्हणजे खात्याला आधार जोडायचा फॉर्म भरून द्या, म्हणजे पैसे पुन्हा पासबुकाच्या खात्यात येतील. बदल व्हायला दिवस लागतात, तोवर दोन्ही खाती बघत राहा. आणि आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने घ्यायला लावा, डोळ्यांचेही.